रविवारची ताठ खुर्ची

फोन आला तेव्हा मी रविवारचा चहा नेहमीसारखा उशीला टेकून, अर्धा आडवा होऊन पीत होतो. चिखले गावची माझी आत्या झोपेतच गेली होती. काही सुचायच्या आधी मी ताठ बसलो... तिच्या धाकाने.

मनगट मोडल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, आत्याला दर रविवारी हाडांची गोळी असे. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती लाकडी खुर्चीत चिकूच्या वाडीकडे तोंड करून अशी बसायची, की जणू फोटोवाला यायचाय. मी पेंगलो की म्हणायची, "विन्या, गोळी मी घेतली, कणा तुझा का विरघळला?"

पुढे तिची दाढ काढली आणि जखम बुजेचना. महिने गेले, आत पांढरं हाड दिसायचं. चिकूची फांदी कापली की चीक येऊन झाडाची जखम बंद होते, म्हणून आत्याने तोच चीक हिरडीला फासला! दात असे चिकटले, की आख्ख्या हयातीत प्रथमच ती दुपारभर गप्प होती.

डहाणूच्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "आजी, हाड धरून ठेवणारी ही गोळीच कधीकधी हिरडीच्या कातडीच्या पेशींना वाढू देत नाही. त्यांनी जखमेवर सरकत यायचं असतं, त्या अडून बसल्यात. हाड असंच उघडं राहिलं, तर जबड्याचा तुकडा काढावा लागेल."

गोळी बंद झाली. उरल्या चुळा आणि वाट बघणं. दर खेपेला टॉर्च मी धरायचो, डोळे मिटून. पावसाळा सरता सरता डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, उघडा आता डोळे." हाडाच्या कडेवर गुलाबी पापुद्रा सरकला होता, दुधावर साय धरावी तसा. आत्या आरशात बघतच राहिली.

"आपण घोरत होतो रे, आणि ही कातडी आत कामाला होती..."

दिवाळीला तिने नाचणीची भाकरी मला ऐकू जाईल अशी चावून खाल्ली. गोळी पुन्हा सुरू झाली नाही, पण रविवारचं ताठ बसणं सुटलं नाही. "आता कशाला, आत्ये?" मी विचारलं.

"आत एवढं चाललेलं असतं. आपण निदान नीट बसावं."

परवा चिखल्याला गेलो. खुर्चीचं तोंड अजून वाडीकडेच आहे. चहा घेऊन तिच्यात रेललो. सकाळी दाढी करताना हनुवटी कापली होती. सहज बोट लावून पाहिलं, तर रक्त कधीच थांबलेलं. कप खाली ठेवला आणि पाठ सरळ केली.