विजूताईंची पेन्सिलीतली सही

या, अशा जवळ या. दारातून काय बघताय, चित्र आहे ते, बातम्या नव्हेत. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण असंच करतो. लांबून बघायचं, "छान आहे हो, प्रिंट का ओरिजिनल?" विचारायचं, आणि उत्तर ऐकायच्या आधी चहा कुठवर आला ते बघायचं. चष्मा लावा आणि चित्राच्या खाली वाचा. डावीकडे पेन्सिलीने ३/२०, उजवीकडे सही. सही आमच्या शेजारच्या विजूताईंची. हे प्रिंटही आहे आणि ओरिजिनलही. कसं, ते विजूताईंबद्दल सांगितल्याशिवाय सांगता यायचं नाही.

विजूताई इथे डोंबिवलीतच एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होत्या. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्या जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायला शिकल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलमध्ये सोफ्याच्या जागी भलंमोठं चाक असलेलं छपाईचं यंत्र आणून बसवलं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा काढायच्या आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. जिथे रेघ, तिथे ॲसिड पत्रा खातं. त्या खाचेत मग शाई बसते. ॲसिडचं काम गॅलरीत चालायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरच्या ओकांनी वासाची तक्रार केली, तर ताई शांतपणे म्हणाल्या, "ओक, डोंबिवलीत एवढ्या केमिकलच्या कंपन्यांत राहून वासाची तक्रार माझ्या एकटीचीच का?" विषय तिथेच संपला.

हे चित्र त्यांनी आमच्या घराला नवा रंग दिला तेव्हा आणून दिलं. खडवलीच्या नदीत डुंबणाऱ्या म्हशी, नुसती शिंगं आणि नाकपुड्या वर. मी चित्र बघितलं, खालचा आकडा बघितला आणि मला वाईटच वाटलं.

"ताई, एवढ्या चांगल्या म्हशी, आणि वीसपैकी तीनच मार्क? कोण हो हा खडूस परीक्षक?"

विजूताई आमच्या जिन्यातच खाली बसल्या. हसून हसून त्यांना उठवेना. पुढे कितीतरी दिवस बिल्डिंगमधले लोक त्यांना "ताई, या खेपेला पास का?" असं विचारायचे, आणि त्याही "एटीकेटी मिळालीय," म्हणून पुढे जायच्या.

मग त्यांनीच मला नीट समजावलं. "वहिनी, मार्क नव्हेत ते. रेशनच्या रांगेतला नंबर समजा. एकूण वीस कागद काढले, त्यातला हा तिसरा. तिसऱ्याला जेवढी साखर, तेवढीच सतराव्याला."

"तरी पण पहिला जरा जास्त चांगला असेल ना?"

"तुमची थोरली लेक जास्त चांगली का धाकटी?"

प्रत्येक कागदासाठी पत्र्यात नव्याने शाई भरायची, वरची पुसून काढायची, कागद ओला करून चाकाखालून न्यायचा. मागे कुठे दुसरं मूळ चित्र ठेवलेलं नसतंच. हे वीस कागद हेच मूळ. कोणी एखाद्या चित्राचा फोटो काढून पाचशे प्रती मारल्या आणि सहीसुद्धा छापून टाकली, तर ताई त्याला सरळ कॅलेंडर म्हणायच्या. "भिंगातून बघायचं. छापलेल्या सहीत ठिपके दिसतात. पेन्सिल तिरक्या उजेडात चमकते." आणि ठरलेले कागद पुरे झाले की त्या पत्र्यावर आडवी रेघ मारून टाकायच्या. त्यांचा मुलगा निखिल ठाण्याला असतो. तो एकदा म्हणाला, "आई, म्हशी ऑफिसात सगळ्यांना आवडल्या. दिवाळीला द्यायला अजून थोड्या काढ ना." ताईंनी त्याला रेघ मारलेला पत्रा दाखवला. "वीस म्हणजे वीस. शब्द दिला की पत्र्याला टाळं."

त्यांचं शेवटचं चित्र कल्याणच्या फुलबाजाराचं. झेंडूच्या गोण्या आणि त्यांच्यावर पाय पसरून झोपलेला हमाल. तोवर उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. कोरताना वाकडी गेलेली रेघ त्यांनी गोणीच्या सुतळीत जिरवली. चाक फिरवायला आमचे हे आणि मी. बारा कागद काढले, कारण बारा जणांना कबूल केलं होतं. राहिली फक्त सही, आणि तीच होईना. रद्दी कागदावर करून बघितली, तर मुंगी शाईत पडून चालल्यासारखी उमटली.

निखिल म्हणाला, "आई, शिक्का करून घेऊ. बँकेत अंगठासुद्धा चालतो."

"बँकेला मी जिवंत आहे एवढंच कळायला हवं असतं. इथे मी हा कागद बघितला आणि पसंत केला, हे कळायला हवं."

"मग या काकूंना करू दे. त्यांचं अक्षर चांगलं आहे. कोणाला कळणार आहे?"

"काकूंना कळेल ना."

सकाळची गोळी लागू पडली की हात थोडा वेळ ऐकायचा. तेवढ्यात मी जायचे. मी कागद दाबून धरायचा, त्यांनी आधी अख्खं चित्र वरपासून खालपर्यंत बघायचं, मग पेन्सिल उचलायची. एका बैठकीला एक सही. कधी तीही नाही. "आज हात रजेवर आहे, वहिनी," म्हणायच्या, मग आम्ही चहा घ्यायचो आणि दोघींच्या सुनांबद्दल बोलायचो.

अशा नऊ सह्या झाल्या. पुढे गोळीचाही उपयोग होईना. एक दिवस त्यांनी मला आणि निखिलला बोलावलं. उरलेले तीन कागद टेबलावर होते. मला वाटलं, शेवटी शिक्क्याला तयार झाल्या. त्यांनी पहिला कागद उचलला आणि मधोमध फाडला.

"आई, अगं चांगले आहेत ते."

"चांगले आहेत. पण सही नाही, म्हणजे माझे नाहीत." दुसरा फाडला, तिसरा फाडला. "बघ, फाडायला हात थरथरला तरी चालतं. आता त्या तिघांना फोन कर आणि नाही म्हणून सांग."

मी म्हटलं, "पण ताई, तुम्ही बारा म्हणाला होतात."

"म्हणून तर आकडा अजून घातला नाही. आधी सही, आकडा शेवटी. आता नऊ. घ्या पेन्सिल."

"मी?"

"आकडा रांगेचा, तो कोणीही घालावा. सही मात्र माझी लागते."

१/९ पासून ९/९ पर्यंत मी लिहिलं. नव्या नवरीला मळवट भरतानासुद्धा मी एवढी जपले नव्हते. मग त्यांनी सुई मागितली आणि पत्र्यावर रेघ मारली. रेघ पार नागमोडी गेली. "चालेल," म्हणाल्या, "रद्द झालंय एवढं दिसलं म्हणजे झालं."

पुढच्या वर्षी विजूताई गेल्या. परवा निखिलचा फोन आला. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडे ताईंचं एक जुनं चित्र आहे आणि फुलबाजारही आहे. ते म्हणतात, दोन सह्या जुळत नाहीत, यातली एक खोटी असणार. "काकू, मी मुलगा, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार. तुम्हीच काय ते सांगा."

तर त्या गृहस्थांना सांगते, आणि फुलबाजार ज्यांच्याकडे गेला त्या बाकीच्यांनाही. दोन्ही सह्या खऱ्या. फुलबाजाराच्या नऊ सह्या होताना कागद मी धरला होता, तिसरं कोणी खोलीत नसायचं. चित्र काखोटीला मारून आमच्याकडे या, कुठली सही कशी झाली ते एकेक करून सांगते. सकाळचे या, मला तेव्हा बरं असतं. आणि येताय तर लवकर या. हल्ली माझी पण गोळी वाढवलीय.