कावळा पोरीच्या शब्दावर उतरला

माझी बायको गेली त्याला वर्ष झालं. तिच्या दहाव्याला कावळा माझ्या शब्दावर आला नाही, भाडेकरू पोरीच्या शब्दावर आला. ते मला लागलं. उगाच मोठेपणा करून कशाला सांगू, अजूनही लागतं.

आमचं घर नाशकातच, पण आम्ही लग्न करून आलो तेव्हा तिथे नुसते मळे होते. आम्ही फुलं लावणारी माणसं. शेवंती, झेंडू, थोडा मोगरा. आता चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि मधे आमचं वीस गुंठे वावर आणि तीन खोल्या राहिल्या. पोरगा पुण्याला, पोरगी निफाडला दिलेली. बायकोचे गुडघे गेले, मग हृदयाचं दुखणं निघालं. तेव्हा तिनेच ठरवलं, मागची खोली एखाद्या शिकणाऱ्या पोरीला द्यायची.

मी म्हणालो, "परकं माणूस घरात नको."

"तुम्ही दिवसभर वावरात. मी काय भिंतीशी बोलू?"

पोरगी आली सटाण्याकडची, फार्मसी शिकायला. बायकोला आजी आणि मला आबा म्हणायला लागली. मी तिला सांगितलं नव्हतं म्हणायला.

आमच्यात पुरुषाने फुलं तोडायची, बाजारात न्यायची. हार ओवायचे ते बाईने. बायको रोज संध्याकाळी ओट्यावर सुई घेऊन बसायची आणि मी पलीकडे तंबाखू मळत बसायचो. बोलणं फार नसायचं. मला वाटायचं, बोलायचंय काय, सगळं ठाऊकच आहे. पोरगी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या शेजारी बसून हार करायला शिकली. मग ओट्यावर हसणं सुरू झालं. मी जवळ गेलो की दोघी गप्प.

"काय हसताय?"

"काही नाही. तुम्ही मळा तुमची तंबाखू."

एवढ्या वर्षांत माझ्यासोबत ती अशी हसली का, ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. म्हणून राग पोरीवर काढला. गॅस मोठा का ठेवला, मोटर बंद का नाही केली, असं काहीतरी.

पोरगी फोनवर आईशी अहिराणी बोलायची. बायकोने ती उचलली. दवाखान्यात शेवटी मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाली, "बरं शे." जन्म माझ्या घरात काढला आणि उत्तर दिलं ते त्या पोरीच्या बोलीत. त्यानंतर ती काही बोलली नाही.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेलो. पिंड ठेवले. कावळे समोर पत्र्यावर रांगेने बसलेले, पण एक हलेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. मी हात जोडून म्हणालो, "तंबाखू सोडतो." कावळे बसलेलेच. बरोबर आहे, तिला माहीत होतं मी सोडणार नाही. निफाडची पोरगी म्हणाली, "आई, तुझी लुगडी कोणाला देणार नाही." काही नाही. पोरगा म्हणाला, "आबांना पुण्याला घेऊन जातो." त्यावर दोन कावळे उठून पलीकडच्या काठाला गेले.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात भाडेकरू पोरगी, जी मागे सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी होती, पुढे आली. पिंडापाशी उकिडवी बसली, तोंडावर ओढणी धरून काहीतरी पुटपुटली आणि मागे सरली. कावळा आला. सरळ येऊन भाताला चोच लावली.

भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "पोरीत जीव अडकला होता बाईचा."

ते ऐकून मी घाटाच्या पायरीवर बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने बसला. दुःख होतंच. पण त्या घडीला मला एवढंच कळत होतं की माझ्या बायकोची शेवटची इच्छा माझ्याजवळ नव्हती. ती काल आलेल्या पोरीजवळ होती.

तिला विचारायला जीभ रेटेना. विचारलं असतं तर मला माहीत नाही हे कबूल झालं असतं. मी तिला खोली खाली कर म्हणणार होतो. पण पोराने पुण्याहून सांगितलं, तिची परीक्षा होईपर्यंत राहू द्या, तुमच्याकडे बघायला कोणी पाहिजे.

मग मी माझ्या परीने सूड घेतला. बायकोचा ओट्यावरचा पाट उचलून खाटेखाली सारला. हाराची सुई खिशात ठेवली. फोटोचा हार मीच करणार म्हणून बसलो. माझी बोटं कुदळीची. शेवंती धरली की देठ तुटायचा.

पोरगी दारातून म्हणाली, "आबा, फुलाची मान मुरगळताय. कोंबडी नाही ती."

"तू तुझा अभ्यास कर."

"आजीला असला हार घालणार? ती फोटोतून उठून जाईल."

रोज असंच. भाजीत मीठ, टीव्हीचा आवाज, तुळशीजवळ थुंकणं. ती एक बोलली की मी दोन बोलायचो. भांडता भांडता ती ताट वाढायची, मी भांडता भांडता जेवायचो. हार शिकवला तोही भांडूनच. दोन महिन्यांनी माझा हार सरळ लटकायला लागला. ती म्हणाली, "चालेल. आजी नाव ठेवेल, पण घालून घेईल."

उन्हाळ्यात तिची परीक्षा झाली. त्यानंतर ती एकदम गप्प झाली. मी टीव्ही मोठा केला, बोलली नाही. तुळशीजवळ मुद्दाम थुंकलो, पाणी ओतून आत गेली. तीन दिवस झाले. मला भाकरी गिळवेना. चौथ्या दिवशी ताट सरकवलं आणि म्हणालो, "काय झालंय तुला? आणि त्या दिवशी कावळ्याला काय बोललीस तू?"

दोन्ही एकदमच तोंडातून निघालं.

ती पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "आजी म्हणायची, माझ्या मागे म्हातारा मुका होईल. त्याच्याशी कोणी भांडलं तरच तो जेवतो. मी जन्मभर तेच केलं, आता तू कर. म्हणून तिथे म्हटलं, आजी, मी भांडत राहीन. आणि आता सटाण्यात नोकरी लागली. तिला शब्द दिलाय, आता जाऊ कशी?"

म्हणजे जीव अडकला होता तो माझ्यात. पण सांगितलं मात्र हिला. आणि वर हेही कळलं की पोरीशी रोजचं भांडण तेवढं माझं स्वतःचं वाटत होतं, तेही बायकोनेच लावून दिलेलं. सुख वाटावं की जळावं, मला ठरवता येईना. दोन्ही झालं.

"शब्द माझ्यापायी दिला," मी म्हणालो. "मग सोडवायचाही मीच."

वर्षश्राद्धापर्यंत ती थांबली. त्या दिवशी गच्चीवर पान वाढलं. पोरीने तिच्या गावाकडचे नागलीचे पापड तळून ठेवले, बायकोला आवडायचे म्हणे. तेही मला नवीन. माझा हार पानाजवळ ठेवला. हात जोडून मी मोठ्याने बोललो, कुणी ऐकलं तर ऐको. "पोरीला जाऊ दे. तिचं पुढचं आयुष्य आहे. ती फोनवर भांडेल, मी जेवेन. तंबाखूचं मी बोलत नाही."

पोरगी मागे उभी होती. कावळा आला. त्याने आधी पापड उचलला.

"बघा," ती म्हणाली.

"काय बघा? माझ्या शब्दावर आला तो."

"पापडावर आला, आबा."

"तुझं काय जातंय गं माझ्या शब्दावर आला तर?"

आम्ही जिना उतरून जेवायला बसेपर्यंत भांडत होतो. पाट मी खाटेखालून काढून तिला दिला.