एक तिरडी, दोन बावटे

माया नवरा, आमचा बुढा, अंगनात तिरडीवर होता, अन् त्याच्या अंगावर कोनाचा बावटा टाकाचा यावर लोकं भांडून राह्यले होते.

खामगावच्या जिनिंगात आम्ही दोघंही राबलो. कापसाची भुकटी त्याच्या छातीत बसली, तीच त्याले घेऊन गेली. जवानीत तो मोठ्या लाल पार्टीत होता, माया दीरही तिथंच. मंग निवडनुकीत कोनासंगं जाचं यावरून वाद झाला, अन् बुढ्यानं मूठभर लोकं घेऊन अलग पार्टी काढली. दीर जुन्यातच राह्यला. तवापासून दोघं भाऊ एका गल्लीत राहून बोलले नाहीत. पुढं आमची पार्टीही फुटली. उरले काठी टेकनारे म्हातारे.

मेल्यावर आपल्या पार्टीचाच बावटा टाकाचा, ही दोन्हीकडची रीत. बुढ्यानं मले सांगून ठेवलं होतं, "आपलाच टाकजो."

जुन्या पार्टीचा पुढारी टेम्पो भरून मानसं घेऊन आला. "बाई, फूट पडली ते सोडा. मानूस आमचाच. आमचा बावटा टाका, मंग खांदा देतो."

आमच्यातला एक म्हातारा खेकसला, "जित्तेपनी गद्दार म्हनत होते, अन् आता तुमचा काऊन झाला?"

"तुमच्यानं उचलते का बे तिरडी? पयले सोताले सावरा!" पुढारी म्हने.

टेम्पोतले हासले. म्हाताऱ्यानं काठी उगारली. मयतापुढं मारामारी व्हाचीच बाकी होती. अन् हे लोकं गेले तं याले उचलनार कोन?

मी घरात गेली, आमचा बावटा आनला अन् त्याच्या अंगावर टाकला.

"मंग उचला तुमचे तुम्ही," पुढारी म्हने. मानसं टेम्पोत चढले. दीर तेवढा खाली पाहून उभा होता.

मी म्हनलं, "भाऊजी, तुमचा भाऊ उन्हात तपून राह्यला."

"चाल बे!" पुढारी वरडला.

दिरानं चपला काढल्या अन् समोरून खांदा देला. ते पाहून जिनिंगातले जुने दोघं-तिघं गुपचूप टेम्पोतून उतरले. रस्त्यानं घोषना कोनीच देली नाही.

तेरवीच्या आतच पार्टीनं दिराले काढून टाकलं. तो माया ओट्यावर येऊन बसला.

"वहिनी, मले तुमच्या पार्टीत घेता का?"

"घेतो नं. पन आता दोघंच उरले, अन् त्याइचंही पटत नाही."

दीर आमच्या पार्टीच्या पुढच्या बैठकीले गेला. तिथंही भांडलाच.