लुमिर वोंद्राचा जागता डिसेंबर

नेब्रास्कातल्या आमच्या टेबर फोर्क गावात विहीर खणायची असो की कुंपणाचे खांब रोवायचे असोत, लोक वोंद्रांच्या दारात जातात. बिळं खणणाऱ्या बॅजरांचं घर ते. कपाळावर पांढरा पट्टा, पंजे फावड्यासारखे. खणायला वाकले की माती दोन पायांमधून मागे अशी भिरकावतात, की मागे उभं राहणाऱ्यानं आपली टोपी आपण सांभाळावी. लुमिर याच घरातला. मातीऐवजी फुटबॉलचा लंबगोल चेंडू तसाच मागे फेकायचा आणि त्यावर पोट भरायचं, असं त्यानं ठरवलं तेव्हा सगळं गाव हसलं. गावाला हसायला काय लागतं!

पण आमच्या खेळात हे काम खरोखरचं आहे. संघ पुढे सरकेनासा झाला की चेंडू लाथेनं लांब उडवून द्यायचा. त्यासाठी एकानं ओणवं होऊन, पायांमधून, पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्याच्या थेट हातात तो पोचवायचा. नीट जमलं तर कुणी नाव विचारत नाही, चुकलं तर अख्खं राज्य नाव विसरत नाही. लुमिरचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, इतका तो तरबेज होता.

अडचण एकच. बॅजर हिवाळाभर झोपतात. पहिला बर्फ पडला की घरोघरी खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे भाजायचे. खसखशीनं बॅजराला जी गुंगी येते, ती दुसऱ्या कशानं येत नाही. मग घरातला शेवटचा माणूस आत आला की थोरल्यानं दाराला अडसर घालायचा, आणि मार्चपर्यंत जगाला रामराम. फुटबॉलचा हंगाम मात्र जानेवारीला टेकतो. त्यामुळे सहा वर्षांत सहा संघांनी लुमिरला उन्हाळ्यात बोलावलं, आणि सहाही जण हेच म्हणाले, "हात सोन्याचे आहेत रे तुझे, पण डिसेंबरचं काय?"

सातव्या वर्षी नोव्हेंबरात ओमाहाच्या ड्रोव्हर्स संघात हेच काम करणाऱ्या बोकडाचा गुडघा निखळला. हॅस्केल नावाचे म्हातारे बायसन तिथले कोच. त्यांनी लुमिरला फोन केला. "शेवटच्या सामन्यापर्यंत जागा राहिलास तर पुढच्या वर्षीचा करार तुझा. डुलकी काढलीस तर तू आणि तुझं बीळ."

लुमिरनं बॅग भरली. "आई, यंदा माझी वाट बघू नकोस. अडसर घाल आणि झोप."

"अडसर कधी घालायचा ते मला शिकवू नकोस," बोझेनाबाई म्हणाल्या. "तिकडे जेवत जा नीट."

तो डिसेंबर लुमिरनं कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. सकाळी बर्फाच्या पाण्यात डोकं बुडवायचं, दिवसाला अकरा कप कॉफी, बसमध्ये न बसता उभ्यानं प्रवास. चेंडू लाथेनं उडवणारा मर्ल नावाचा ससा त्याच्याच खोलीत राहायचा. त्याचं तोंड पायांपेक्षा जोरात चालायचं. "ए पट्टेवाल्या, डोळे उघडे आहेत की रंगवलेत?" असं म्हणत तो लुमिरला ढोसायचा. आळस त्याच्या अंगी नव्हता आणि दुसऱ्याच्या अंगी खपायचा नाही. पाच सामने झाले. लुमिरचा एकही चेंडू वाकडा गेला नाही.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दुपारी पोस्टानं एक डबा आला. झाकण उघडताच खसखशीचा वास आला आणि लुमिर विरघळला. महिनाभर घराची आठवण दाबून ठेवली होती, ती उसळून वर आली. चिठ्ठी डब्याच्या तळाशी होती. कारण बोझेनाबाईंची खात्री, की पोरगा डबा आधी नीट रिकामा करून ताटात मांडेल. आयांचा मुलांवर असा विश्वास असतो. लुमिरनं एका बैठकीत नऊ कोलाचे फस्त केले, तेव्हा कुठे अक्षरं दिसली. 'शेवटचा सामना झाल्यावर खा. आधी हात लावू नकोस.'

"मेलो!" लुमिर म्हणाला.

उरलेला एक मर्लनं उचलला. "वा! ताजा आहे. कुणी केले?"

"आईनं."

"पण तुझी आई तर झोपलीये ना?"

लुमिर ताडकन उठला. त्यानं घरी फोन लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"आई, तू जागी?"

"मग? एक माणूस बाहेर असताना वोंद्रांच्या दाराला अडसर पडलेला पाहिलायस कधी? बाकीचे झोपलेत. मी दाराशी बसून विणतेय."

"मी आत्ता निघतो."

"सामना टाकून आलास तर दारात उभा करणार नाही," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

लुमिरला रडू आलं, आणि रडता रडता जांभईही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ भुरभुरत होता. लुमिर कसाबसा तग धरून होता. अखेरची दोन मिनिटं उरली. ड्रोव्हर्स दोन गुणांनी पुढे, पण चेंडू अडला होता. तो आपल्याकडेच राखायला आणखी तीन यार्ड पुढे सरकायला हवं होतं, ते जमेना. उडवून देण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लुमिर वाकला, चेंडूवर हात ठेवले. नाकाला ओल्या मातीचा वास आला. तोच वास, घरातला. आणि तिथेच, ओणव्यानं, त्याला झोप लागली.

मागून मर्ल ओरडतोय, "सोड ना, सोड!" चेंडू जागचा हलेना. समोरच्या संघात सगळी रानडुकरं. रानडुकराला धीर कुठला? आता सोडेल, मग सोडेल, असं करत दोघांनी मुसंडी मारलीच. चेंडू हलण्याआधी रेषा ओलांडली, पाच यार्डांचा दंड. हवे होते तीन, मिळाले पाच! शिट्टीनं लुमिर जागा झाला तेव्हा सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. "काय चकवलंस रे!" उरलेला वेळ त्यांनी आरामात काढला आणि सामना जिंकला.

आत गेल्यावर हॅस्केल समोर येऊन उभे राहिले. "मुद्दाम थांबलास?"

हो म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? लुमिरनं खाली पाहिलं. "नाही, कोच. झोपलो होतो. कोलाचे खाल्ले काल."

"माहीत आहे. घोरणं पार माझ्यापर्यंत येत होतं." म्हाताऱ्यानं शिंग खाजवलं. "पण झोपेत चेंडू तसूभर जरी हलला असता, तर दंड आपल्याला होता. असले हात मी सोडत नसतो. जुलैत ये. आणि डिसेंबरला बोकडाचा गुडघा बरा असेल, तेव्हा तू आपला घरी जा."

मर्लनं त्याला आपल्या ट्रकमधून टेबर फोर्कला सोडलं. बोझेनाबाई दाराशी खुर्चीतच होत्या. रोडावल्या होत्या, डोळे खोल गेले होते. मांडीवरून निघालेला मफलर जमिनीवरून थेट चुलीपर्यंत पोचला होता. महिनाभर त्या थांबल्याच नव्हत्या.

"पाय पूस आधी," त्या म्हणाल्या. "आणि अडसर तूच घाल. माझ्यात आता जोर नाही."

आजवर या घरात अडसराला आईशिवाय कुणी हात लावला नव्हता. लुमिरनं तो उचलला, खाचेत नीट बसवला, हलवून पाहिला.

"आई, करार मिळाला. पुढच्या वर्षी डिसेंबरला घरीच असेन मी."

त्यानं वळून पाहिलं. बोझेनाबाई सुया हातात धरूनच झोपी गेल्या होत्या. लुमिरनं सुया हळूच काढून घेतल्या, मफलर गोळा करून आईच्या अंगावर घातला. 'मार्चमध्ये सांगू' असं स्वतःशी म्हणत तो शेजारी आडवा झाला. मफलर दोघांना पुरून उरला.