अठ्ठ्याण्णव, जखमी

कसोटी क्रिकेटमधली पहिली धाव आणि पहिलं शतक एकाच माणसाचं, तेही पहिल्याच सामन्यात. शतकापुढं आणखी पासष्ट धावा झाल्यावर बोट फुटलं, तेव्हा कुठं तो मैदानाबाहेर गेला. शाळेपासून मला हे पाठ होतं. त्याला पुन्हा कसोटी शतक जमलं नाही, हेही.

त्या दुष्काळात बीडजवळच्या पालीचा तलाव आटला. भेगाळलेल्या तळावर रोलर फिरवून सहकारी साखर कारखान्यानं क्रिकेटची स्पर्धा भरवली. त्या मैदानावर तोवर कुणाचं शतक झालं नव्हतं आणि मी अठ्ठ्याण्णववर होतो. मला ते पहिलं शतक हवंच होतं. एवढं हावरटासारखं मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही.

तेवढ्यात कारखान्याच्या चेअरमनची जीप तळ्यात उतरली. साहेब आले की हातात बॅट द्यायची, चेंडू हळू टाकायचा, झेल सोडायचा, ही आमच्याकडची रीत. पण साहेबांसाठी कुणीतरी जागा करायला हवी. आमचा कप्तान कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, ते तोच ठरवायचा. तो पळतच माझ्याकडं आला.

"जखमी म्हणून जा बाहेर. तुमचा ऊस उभाच हाय न्हवं अजून?"

उभाच होता, पाण्यावाचून वाळत. समोरच्या टोकाला माझा दोस्त होता, बीडमधला मोटार मेकॅनिक. त्यानं बॅट आपटली. "कावून जातो बे? दोनच रन हायत!"

मी गेलो. तेव्हा या जाण्याला मी शहाणपण म्हटलं; खरं तर शेपूट घातलं. धावांच्या वहीत 'अठ्ठ्याण्णव, जखमी' अशी नोंद झाली. माझी दहाही बोटं शाबूत होती. चेअरमननी चार झेल दिले, चारही सुटले, प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. त्यातच षटकं संपली. दोस्त महिनाभर माझ्याशी बोलला नाही आणि त्याचं बरोबरच होतं.

तोड आली ती हंगाम संपता संपता. तोवर उसाचं चिपाड झालं होतं. त्या दिवशी बांधावर बसून मी वडिलांना सामन्याची सगळी हकिकत सांगितली. आपल्यासाठी पोरानं शतक सोडलं, असं काहीतरी ते म्हणतील, अशी आशा होती मला.

त्यांनी एक वाळलेला ऊस मोडून पाहिला.

"लई शाना तू. काढायच्या व्हत्या की दोन रना. ऊस याच्यापरीस आणखी काय वाळला असता?"