दोन परवांचा नकाशा

आमचे हे टीव्हीवर असतात, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग ह्यांच्याकडे, आणि दोघांच्या तोंडावर काही सापडलं नाही की विचारतात, "टीव्हीवर म्हणजे नक्की कुठे?" आता काय सांगणार, कपाळ! बातम्या संपता संपता एक बाई येऊन हात हलवतात ना, त्यांच्या मागचा ढग म्हणजे आमचे हे. हवामानाचे नकाशे हे करतात. ऑफिसात ह्यांना ढगोबा म्हणतात. घरी मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लग्नानंतर एकदा हौसेने ह्यांचं काम बघायला गेले. बघते तर काय, त्या बाईंच्या मागे नकाशाच नाही! नुसती हिरवीगार भिंत. बाई बाजूच्या पडद्यात स्वतःला बघत त्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवत होत्या. मी ह्यांना हळूच विचारलं, "अहो, ह्या कुणाला काय दाखवतायत?" हे म्हणाले, "तुला, पाऊस." तेव्हा माझं डोकं जे गरगरलं ते अजून थांबलेलं नाही.

आणि घरी तरी शांतता असावी? तेही नाही. जेवता जेवता ताटाकडे बघत विचारणार, "ढगाखाली दोन थेंब काढू की तीन?" दोन म्हणजे छत्री घ्या, तीन म्हणजे मुकाट्याने घरी बसा. एकदा ह्यांचा ढग कुठल्याशा गावाच्या नावावर जाऊन बसला, तर त्या गावच्या लोकांनी फोन करकरून विचारलं, आमचं गाव बुडालं की काय! आठवडाभर हे ढग इकडून तिकडे सरकवत होते. पगार मिळतो ह्याचा, म्हणून मी गप्प.

पण एक गोष्ट खरी. नकाशा तयार झाला की हे आवाज पूर्ण बंद करून बघायचे. बाईंचं बोलणं ऐकू आलं नाही तरी सगळं कळलं पाहिजे, हा ह्यांचा हट्ट. कारण माझ्या सासूबाई. हे शाळेत असताना तापात त्यांचे कान गेले. बोलतात छान, फक्त समोरचा दोन गल्ल्या पलीकडे उभा असल्यासारख्या मोठ्याने. त्या समुद्रातल्या एका बेटावर एकट्याच राहायच्या, आणि रोज संध्याकाळी लेकाचा नकाशा बघायच्या. त्यांचा शेजारी होडीवाला त्यांना विचारल्याशिवाय होडी पाण्यात घालत नसे. त्या 'जा' म्हणाल्या की तो निघाला.

म्हातारीने आमच्याकडे कायमचं राहायला यावं म्हणून ह्यांनी किती वर्षं जिवाचं रान केलं! त्यांचं आपलं 'बघू'. अखेर कशा कोण जाणे, त्या तयार झाल्या. घर आवरायला घेतलं. अट एकच, समुद्र शांत असेल त्या दिवशी निघणार, आणि तो दिवस त्या स्वतः नकाशात बघून ठरवणार.

नेमकं त्याच आठवड्यात ह्यांच्या नव्या साहेबांच्या डोक्यात आलं की नकाशाखालच्या पट्टीत नुसतं पुढचं काय दाखवता, मागचंही दाखवा. आपला अंदाज कसा खरा ठरला ते लोकांना कळू दे! तोवर पट्टीत तीन चौकोन असायचे. आज, उद्या, परवा. आता झाले पाच. परवा, काल, आज, उद्या, परवा. मधे आज, डावीकडे झालेले दिवस, उजवीकडे यायचे. ह्यांनी मागचे दोन करड्या रंगात केले, पुढचे दोन निळ्या. मला दाखवलं. मी म्हटलं, "छान आहे." मला काय कळतंय!

सोमवारी ती पट्टी पहिल्यांदा लागली. उजवीकडच्या परवात वादळ होतं, चांगलं मोठं भोवऱ्याचं चिन्ह. डावीकडच्या परवात सूर्य. बातम्या संपतात न संपतात तोच सासूबाईंचा मेसेज आला. "नकाशा बघितला. परवा छान आहे. परवा येते."

हे हसले. "आईचं काहीतरी चुकलंय," म्हणाले आणि घाईघाईने लिहिलं, "परवा वादळ."

उत्तर आलं, "हो ना. कौलं उडतात की काय वाटलं."

कुठलं वादळ? कुणाची कौलं? हे म्हणाले, "अगं, परवा म्हणजे शनिवारी तिकडे ऊन होतं, मी स्वतः सूर्य काढलाय." मी म्हटलं, "तुम्ही काढलात म्हणून वारा सुटायचा राहतो का?"

बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. शनिवारी बेटावर खरंच वारा सुटला असणार. सासूबाईंनी दोन परवा बघितले. एकात वादळ, एकात सूर्य. वादळ तर त्यांनी शनिवारी अनुभवलेलं, म्हणजे तो झालेला परवा. मग उरला तो सूर्याचा, तो यायचा. त्यांचं काय चुकलं? मी तरी तेच म्हटलं असतं!

"अहो, त्या ऐन वादळात निघतायत!"

ह्यांनी सगळं सविस्तर लिहून पाठवलं. मेसेज जाईना. त्यांचा शेवटचा तेवढा आला होता, "फोन बंद करून बांधते. जेवताना पुन्हा एकदा नकाशा बघते. टीव्ही उद्या सकाळी शेजारणीला द्यायचाय." शेजारणीला फोन लावला, तो लागेना. होडीवाल्याकडे फोनच नाही. जेवणाच्या वेळेला नकाशा पुन्हा दाखवतात, तेवढा एकच उरला होता.

हे चपला घालायचेही विसरले. ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. हे अनवाणी पुढे, मी ह्यांच्या चपला हातात घेऊन मागे. लोकांना वाटलं असेल, बाई नवऱ्याला मारायला निघाली.

खोलीत शिरल्यावर हे नकाशा उघडून बसले. ढग ओढतात, परत ठेवतात. "नुसतं येऊ नकोस म्हटलं तर संपलं," म्हणाले. "तिने एकदा नको धरलं की ती जन्मात येणार नाही. काय करू? रंग बदलू? बाण काढू?"

मला रडू येत होतं आणि रागही. "अहो, आपण बोलताना कसं ओळखतो? परवा आला होता, परवा येणार आहे. क्रियापदावरून ना? बाई बोलतात तेव्हा ते क्रियापद आपल्याला ऐकू येतं. आईंना नुसता परवाच दिसतो!"

"नकाशात क्रियापद कुठे असतं?"

"नसतं, तर घाला!"

ह्यांनी समुद्राच्या निळ्या जागेत, बेटाच्या अगदी शेजारी, मोठ्या अक्षरांत लिहिलं, "परवा वादळ येणार आहे. उद्याच ये."

तेवढ्यात नकाशा लागलाच. बाई बाजूच्या पडद्यात बघून बोलत होत्या, त्यांना ती अक्षरं दिसली आणि बोट हवेतच राहिलं. मग त्या बिचाऱ्या नेहमीसारखं हसून पुढच्या गावाकडे वळल्या. आम्ही मात्र तिथेच उभे. तिकडे बघितलं की नाही, कळलं की नाही, काही म्हणजे काही समजायला मार्ग नव्हता.

फोन सुरू झाले ते साहेबांच्या घरापर्यंत पोचले. वादळाचं कुणाला काही नव्हतं. सगळ्यांचा एकच प्रश्न, आम्हाला अरेतुरे करणारे तुम्ही कोण? 'ये' म्हणजे काय? 'या' म्हणता येत नाही? एका गृहस्थांनी तर विचारलं, उद्या ये म्हणता, पण कुठे येऊ? सकाळी साहेबांनी ह्यांना समोर उभं करून विचारलं, "ढगोबा, तुम्हाला 'या' आणि 'ये' यातला फरक कळत नाही?" ह्यांना सगळं नीट सांगताच येईना. नकाशे काढून घेतले. आता बाजारभावाच्या पट्ट्या करायच्या, कांदे आणि बटाटे. हे घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला ह्यांची दया आली, आणि खूप भीती वाटत होती.

दुपार टळल्यावर दार वाजलं. दारात सासूबाई, एक ट्रंक, एक गाठोडं आणि मागे होडीवाला. मी काही बोलायच्या आत त्या जोरात म्हणाल्या, "पाणी दे आधी!" प्यायल्या आणि तिथेच सोफ्यावर झोपून गेल्या. त्या नीट उठल्या त्याच दुसऱ्या दिवशी. तेव्हा बाहेर वादळ सुटलं होतं, खिडक्या खडखडत होत्या, समोरचं झाड पार वाकलं होतं.

हे त्यांच्यासमोर बसले. ओठ हलवून सावकाश विचारलं, "आई, तुला कळलं कसं, की ते तुझ्यासाठी आहे?"

"कळलं कसं म्हणजे?" सासूबाई अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "'या' लिहिलं असतंस तर मी म्हटलं असतं, लोकांना सांगतोय, आपल्याला काय! तू 'ये' म्हणालास. मी तिथूनच ओरडून म्हटलं, 'आले रे.' ऐकू नाही आलं तुला?"

ह्यांनी 'नाही' म्हणून मान हलवली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडायला लागले.