कातळावरचं माप

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होतो, पण अजून तेवढी हार मानायची तयारी नाही! बायकोच्या मते मी देवळात जातो तो फक्त सगळ्यांच्या चपला सांभाळायला.

रत्नागिरीतल्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात मी इतिहास शिकवतो. आमच्याकडे निधी कमी आणि दगड भरपूर. त्यामुळे दर फेब्रुवारीत गवत वाळलं की एम.ए.च्या मुलांना घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कातळशिल्पं शोधत हिंडायचं, झाडू मारून माती काढायची, फोटो घ्यायचे, मापं लिहायची, हा आमचा उद्योग.

त्या दिवशी आम्ही पालीच्या पुढच्या एका गावाच्या सड्यावर होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जमीन तात्यांची, सत्तरीचे गृहस्थ. झाडून झाल्यावर कातळात कोरलेला एक माणूस दिसला... उताणा, हात अंगालगत, चेहरा कोरा. फोटोत शेजारी ठेवायची काळी-पांढरी मोजपट्टी मात्र डिपार्टमेंटच्या कपाटावरच राहिली होती. टेपही तिच्यासोबत. मी म्हटलं, “ओंकार, तू सहा फूट ना? मग झोप त्यात. आज तूच आमची पट्टी.”

ओंकार ताडमाड पोरगा. एम.ए. करता करता बोटीवरच्या नोकरीची वाट बघणारा. तो आडवा झाला तर डोकं डोक्यात, टाचा टाचांत – बरोब्बर! “सर, शिंप्याकडे शिवून घेतल्यासारखं झालंय,” तो पडल्या पडल्या ओरडला. मग गंमत म्हणून त्याच्याच वर्गातली शामल झोपली. ती जेमतेम पाच फूट. डोकं डोक्यात, टाचा टाचांत...

हसणं मध्येच थांबलं. दोघांचेही फोटो माझ्याकडे आहेत.

तेवढ्यात गुरं घेऊन तात्या आले आणि लांबूनच ओरडले, “उठ गो बाय, उठ आदी! आनी कोन निजला व्हता हितं?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. गावातले पुरुष पूर्वीपासून बोटींवर, आता आखातात. कुणी बुडाला, कुणी तिकडेच गेला आणि देह परत आला नाही, तर घरची माणसं त्याचे कपडे आणून या आकृतीत पसरतात आणि मग पुढचं कार्य करतात.

“ज्याचा कपडा, त्याच्या मापाचा व्हतो ह्यो,” तात्या म्हणाले. “जित्या मानसान माप द्याचा नसता. दिला, तर तो घरी परत याचा नाय.”

ओंकारचा चेहरा उतरला. बोटीवर जायला निघालेला मुलगा तो! शामल रडायच्या बेतात. मला तात्यांचा रागच आला, माझी मुलं घाबरवली म्हणून. पण ओंकारच म्हणाला, “सर, काय ते करून टाकूया ना.”

तात्यांनी नारळ आणवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवापुढे बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणायचं. लहानपणापासून ते इतकं तोंडात बसलेलं असतं की शब्द कुणी ऐकत नाही, सगळं लक्ष खोबऱ्याकडे. आम्हीही तसंच म्हटलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. नास्तिक असलो तरी कोकणी आहे!

लांबी नोंदवायची राहिली होती, म्हणून थोड्या दिवसांनी मोजपट्टी घेऊन पुन्हा गेलो. ओंकार आणि शामल हट्टाने बरोबर आले. ओंकार परत त्यात झोपला, तर पाय घोट्यापर्यंत बाहेर. शामलच्या टाचा वीतभर आतच. मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, “बघा. दगड म्हणजे दगड.”

मग पट्टी लावली. एक मीटर सदुसष्ट. पुन्हा लावली. तेवढंच.

ती माझी उंची आहे.

तात्या बांधावर बसून बघत होते. “सर, गाऱ्हान्यात मी काय बोललो त्यां आयकलाव नाय काय? पोरांवरचा माप काड, आनी ज्याच्या शब्दान पोरा निजली त्याच्या माथ्यार घाल. तुमी व्हय म्हनलाव.”

“अहो, पण मला विचारायचंत तरी!”

“इचारला की,” तात्या म्हणाले. “गाऱ्हाना म्हंजे काय तं?”

परत येताना स्वतःला समजावलं की या उंचीची माणसं महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. आमचे भूगोलाचे सर म्हणतात, आधीचे फोटो कॅमेऱ्याच्या कोनामुळे तसे आले. असेल. ओंकार बोटीवर गेला, खुशाल आहे, मेसेज येतात. त्याचं मला खरंच बरं वाटतं.

पण परवा सकाळी वर्गात शिकवत असताना तात्यांचा फोन आला. “सर, तुमी सड्यावर आल्लाव काय?” नाही म्हटलं. “मंग हितं ह्यो कपडा कुनी पसरलान?” पाठोपाठ फोटो. आकृतीच्या छातीवर एक शर्ट, आकाशी चौकटीचा. बाह्या सरळ, अंगालगत. खिशाखाली शाईचा डाग.

मी मान खाली घालून पाहिलं. तो शर्ट माझ्या अंगात होता, डागासकट. मुलं समोर वह्या उघडून बसली होती आणि मला पुढचं वाक्य आठवेना. भीती वाटली, सरळ सांगतो.

घरी बायकोला फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाली, “बाह्या अशा मीच ठेवते... इस्त्री करताना.” ती त्या गावाला कधीही गेलेली नाही.

या सगळ्याचा अर्थ मला लावता आलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर सांगा. तात्या रोज फोन करतात. घरच्यांनी पसरलेला कपडा कार्य होईपर्यंत उचलायचा नसतो म्हणे, पण हा कुणी पसरला ते त्यांनाही ठाऊक नाही. म्हणून ते मलाच विचारतात, “सर, उचलू काय?”

मी अजून ‘होय’ म्हटलेलं नाही. त्यांचं वाक्य दोनदा, तीनदा नीट ऐकतो... आणि फोन ठेवतो.